लिंक्डइनवर टूल लावून मेसेज पाठवावेत की हाताने लिहावेत? (गोवा, फार्मा कॅलिब्रेशन)

कुंडईकर

कुंडई औद्योगिक वसाहतीत आमची कॅलिब्रेशन (मोजणारी उपकरणं बरोबर दाखवतात का ते तपासणं) आणि व्हॅलिडेशनची (यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालते हे पुराव्याने दाखवणं) सेवा आहे. प्रेशर गेज, आरटीडी (तापमानाचे सेन्सर), डेटा लॉगर (तापमान नोंदत राहणारी छोटी उपकरणं), वजनकाटे यांचं कॅलिब्रेशन, गोदामं आणि कोल्ड रूमचं टेंपरेचर मॅपिंग (जागेत कुठे किती तापमान असतं ते मोजणं), हवा गाळणाऱ्या हेपा फिल्टरची गळती चाचणी, अशी कामं. गिऱ्हाईक मुख्यतः वेर्णा, कुंडई, पिळर्ण, थिवी इथले औषध कारखाने, थोडी हॉटेलं. विक्री बघणारी दोनच माणसं, तीही अर्धा वेळ साइटवर.

एका एजन्सीने प्रस्ताव दिलाय. आमच्या एका माणसाच्या लिंक्डइन खात्याला टूल जोडायचं, महिन्याला ४०० कनेक्शन रिक्वेस्ट जाणार, समोरच्याने स्वीकारली की तीन फॉलो-अप आपोआप. नाव, हुद्दा, कंपनी टूल स्वतःच भरतं, म्हणून ते याला 'पर्सनलाइज्ड' म्हणतात. त्यासाठी खात्याचं लॉगिन हवंय.

मला कळून घ्यायचंय ते असं: खात्याला धोका नेमका काय? गोव्याएवढ्या बाजारात हे चालतं का? हाताने करायचं ठरवलं तर दोन माणसांकडून किती होईल आणि लिहायचं काय? आणि सगळंच हाताने करण्याऐवजी कुठला भाग यंत्रावर सोडता येतो?

मांडवीकाठ

लॉगिन देऊ नका, इथूनच सुरुवात. लिंक्डइनच्या वापर करारात बाहेरचं सॉफ्टवेअर, बॉट किंवा ब्राउझर एक्स्टेन्शन लावून रिक्वेस्ट-मेसेज पाठवायला आणि प्रोफाइलमधली माहिती ओढून घ्यायला स्पष्ट मनाई आहे. एजन्सी ज्याला 'सेफ मोड' म्हणते त्यात टूल मधे मधे थांबतं आणि दोन क्लिकमधलं अंतर कमी-जास्त ठेवतं, एवढंच. कराराच्या दृष्टीने त्याने काही बदलत नाही.

ही टूल्स दोन जातींची. पहिलं ब्राउझर एक्स्टेन्शन. ते तुमच्याच क्रोममध्ये बसतं आणि पानाच्या कोडमध्ये शिरून बटणं दाबतं. लॅपटॉप बंद झाला की काम बंद, आणि पानात झालेली ही ढवळाढवळ लिंक्डइनला ओळखता येते. दुसरं क्लाउडवालं. ते पासवर्ड किंवा लॉगिन कुकी (साइन-इन झाल्याची ब्राउझरमधली खूण) घेतं आणि स्वतःच्या सर्व्हरवरून तुमच्या नावाने वावरतं. घोळ असा होतो की तुमचा माणूस कुंडईत मोबाइलवर लिंक्डइन उघडून बसलाय आणि त्याच मिनिटाला तेच खातं दुसऱ्या शहरातल्या, कधी दुसऱ्या देशातल्या आयपीवरून चालू आहे. मग पडताळणी मागितली जाते, सेशन तुटतं, टूल पुन्हा लॉगिन करतं, आणि हे चक्र एक-दोनदा झालं की खात्यावर निर्बंध येतो. आधी तात्पुरता, मग सरकारी ओळखपत्र मागून, आणि तरीही चालूच राहिलं तर कायमचा.

रिक्वेस्टची मर्यादा लिंक्डइन आकड्यात जाहीर करत नाही, पण २०२१ पासून बहुतेक खात्यांना ती आठवड्याला १०० च्या आसपास जाणवते. महिन्याला ४०० म्हणजे खातं सदैव काठावर. त्यात रिक्वेस्ट नाकारताना 'मी या व्यक्तीला ओळखत नाही' असं कळवायची सोय समोरच्याला असते. अशा नोंदी साचल्या की मर्यादा आणखी खाली येते.

आणखी एक बाब एजन्सी कधीच बोलत नाही. खातं फर्मचं नसतं, त्या माणसाचं असतं. करार त्याच्या वैयक्तिक नावावर आहे. ते बंद झालं तर त्याचं कामाच्या सगळ्या वर्षांतलं जाळं गेलं, आणि नोकरी बदलताना ते त्याला लागणार आहे. फर्मच्या विक्रीसाठी कर्मचाऱ्याची ही मिळकत पणाला लावणं मला सरळ अन्याय वाटतो.

आता गोव्याचं गणित. समजा तुमच्या कामाचे ५०-६० प्लांट धरले आणि प्रत्येकी तीन-चार माणसं: इंजिनिअरिंग हेड, क्यूए (गुणवत्ता हमी) हेड, व्हॅलिडेशन बघणारा, खरेदीवाला. झाली साधारण २०० नावं. आठवड्याला १०० पाठवणारं टूल ही यादी दोन आठवड्यांत संपवतं. वर्षाच्या उरलेल्या महिन्यांसाठी त्याच्याकडे माणसंच उरत नाहीत, आणि जी होती त्यांच्या मनात तुमच्याबद्दल पहिलं मत तयार होऊन गेलेलं असतं. बाजार लाखो लोकांचा असेल तर दोनशे नावं नासली तरी चालून जातं. इथे तेवढीच आहेत.

नावं भरण्यातही गडबड होते. औषध कंपन्यांचे प्लांट बद्दीला, पिथमपूरला, गोव्याला, सगळीकडे असतात आणि लिंक्डइनवर कर्मचारी एकाच कंपनी-पानाला जोडलेले असतात. नुसता कंपनीचा फिल्टर लावला तर हिमाचलच्या माणसाला 'तुमच्या गोवा प्लांटसाठी' असा मेसेज जातो. उलट गोव्याचा निर्णय घेणारा कॉर्पोरेट माणूस प्रोफाइलवर मुंबई लावून बसलेला असतो, तो 'गोवा' फिल्टरमध्ये येतच नाही. नावाच्या रकान्यात लोक 'डॉ.' किंवा नुसती आद्याक्षरं टाकतात, मग मेसेज सुरू होतो 'प्रिय डॉ.' असा. हुद्दाही जसाच्या तसा चिकटतो: 'असिस्टंट मॅनेजर डॅश इंजिनिअरिंग कंस युटिलिटी कंस पूर्ण म्हणून तुम्हाला नक्कीच...' असं वाचलं की पाठवणारा कोण आहे ते वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं.

वेर्णा_क्यूए

मेसेज ज्या बाजूला पोचतात त्या बाजूने लिहितो.

फोनवर नोटिफिकेशन येतं तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव आणि पहिले सात-आठ शब्द दिसतात. 'आशा आहे आपण कुशल असाल', 'आपल्या प्रोफाइलने प्रभावित झालो', 'आपल्यासारख्या अग्रगण्य कंपनीला' यांतलं काही त्या सात-आठ शब्दांत आलं की मेसेज उघडला जात नाही. लिहिणाऱ्याने कामाची गोष्ट तिसऱ्या ओळीत टाकलेली असेलही, पण तिथवर कोणी जात नाही.

क्यूएला कॅलिब्रेशनवाल्याबद्दल चारच गोष्टी हव्या असतात. आयएसओ १७०२५ (प्रयोगशाळांसाठीचं मानक) ची एनएबीएल मान्यता, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, आहे का. आम्हाला हवा तो पॅरामीटर आणि ती रेंज त्या मान्यतेच्या स्कोपमध्ये (व्याप्तीत) आहे का, कारण स्कोपबाहेरच्या मापनाच्या सर्टिफिकेटवर एनएबीएलचं चिन्ह लावता येत नाही. साइटवर येऊन करता की उपकरण उचलून न्यावं लागतं. आणि सर्टिफिकेट किती दिवसांत मिळतं. 'वन स्टॉप सोल्यूशन' या शब्दांनी यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही. स्कोप एनएबीएलच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतो. तेव्हा दाव्यापेक्षा प्रमाणपत्राचा क्रमांक लिहिलात तर आमचं काम वाचतं.

हल्ली टूलवाल्यांचा एक नवा प्रकार दिसतो. बातमी पकडायची आणि तीच पहिल्या वाक्यात चिकटवायची. सुधारित शेड्यूल एमची (औषध उत्पादनाच्या नियमांची) अधिसूचना डिसेंबर २०२३ ची. लहान आणि मध्यम उत्पादकांना मुदतवाढ मिळून ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत गेली. त्या काळात जवळपास प्रत्येक विक्रेत्याच्या मेसेजचं पहिलं वाक्य शेड्यूल एम हेच होतं. सगळ्यांनीच तेच लिहिलं की ते वैयक्तिक राहत नाही, मग विषय कितीही बरोबर असो.

याहून वाईट म्हणजे यूएसएफडीएच्या (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या) वॉर्निंग लेटरवरून मेसेज. ती पत्रं त्यांच्या संकेतस्थळावर सर्वांना दिसतात, टूल ती वाचतं आणि लिहितं, 'आपल्या साइटवरील अलीकडच्या निरीक्षणांच्या संदर्भात आम्ही मदत करू शकतो.' ज्या क्यूए हेडची झोप उडालेली आहे त्याच्या जखमेवर हे मीठ. माहिती सार्वजनिक असली तरी ती पहिल्या मेसेजात काढू नये. ओळख झाल्यावर ते स्वतःच बोलतात.

आणि गोवा किती लहान आहे हे ध्यानात घ्या. वेर्ण्यातल्या एका प्लांटचा इंजिनिअरिंग हेड दोन वर्षांनी शेजारच्या प्लांटमध्ये असतो. व्हॅलिडेशनवाले एकमेकांना ओळखतात, बहुतेकांचा व्हॉट्सॲप ग्रुप एकच. एकाच प्लांटच्या चार जणांना एकाच दिवशी एकाच शब्दांचा मेसेज आला की दुपारच्या जेवणाला चौघांचे फोन टेबलावर शेजारी शेजारी येतात. विक्रेत्याचं नाव तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं, पण व्हेंडर क्वालिफिकेशनच्या (मंजूर पुरवठादारांच्या) यादीत ते टाकायला कोणी पुढे होत नाही.

पर्वरी_एक्स्पोर्ट

वरचं सगळं गोव्यापुरतं बरोबर. पण 'ऑटोमेशन म्हणजे वाईटच' असं कोणी समजू नये. पर्वरी-पणजीत बसून युरोप-अमेरिकेला सॉफ्टवेअर विकणाऱ्या फर्म आहेत, त्यांची यादी हजारोंची असते. तिथे पहिला संपर्क पूर्ण हाताने करणं परवडत नाही. मात्र तो लिंक्डइनवर करू नये, ईमेलवर करावा. ईमेलमध्ये पाठवण्याची यंत्रणा तुमच्या मालकीची असते आणि तिचे नियम लिहिलेले आहेत.

थोडक्यात व्यवस्था अशी. मुख्य डोमेनवरून थंड मेल (ओळख नसलेल्याला पाठवलेला विक्रीचा मेल) पाठवू नका. वेगळं, पण ओळखू येईल असं डोमेन घ्या, नाहीतर स्पॅमचा डाग पडल्यावर तुमची बिलं आणि कोटेशनंही गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जातात. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या) डोमेनच्या डीएनएसमध्ये टाका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना या तिन्ही बंधनकारक केल्या. जीमेलच्या लेखी मोठं प्रमाण म्हणजे त्यांच्या खात्यांकडे दिवसाला ५,००० च्या आसपास. शिवाय जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव कमी करायची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांना टेकता कामा नयेत. प्रत्यक्षात ०.१ च्या खाली ठेवा. नवीन मेलबॉक्सवरून पहिल्याच दिवशी शेकडो मेल सोडणं हीच सगळ्यात नेहमीची चूक. सुरुवात दहा-वीसने करून तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवायचं असतं.

कायदाही देशागणिक वेगळा. अमेरिकेत थंड मेल चालतो, पण टपालाचा खरा पत्ता लागतो आणि कोणी 'नको' म्हटलं की १० कामकाजाच्या दिवसांत त्याचं नाव काढावं लागतं. जर्मनीत मात्र कंपनीला पाठवतानाही आधी संमती घ्यावी लागते. तिकडे विकायचं असेल तर टूल बाजूला ठेवा आणि प्रदर्शनं, भागीदार, फोन असा मार्ग धरा.

मांडवीकाठ

ईमेलबद्दल सहमत. त्यात एक जोडतो. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. माणसाने स्वतः जाहीर केलेल्या माहितीला तो लागू होत नाही, पण टूलने अंदाजाने जुळवलेला ईमेल किंवा कुठल्यातरी विकत घेतलेल्या यादीतला मोबाइल नंबर त्याने स्वतः जाहीर केलेला नसतो. कुंडईकरांच्या एजन्सीने 'नंबरही मिळवून देऊ' असं सांगितलं असेल तर ते कुठून आणणार हे लेखी विचारा.

कुंडईकर

देव बरें करूं सगळ्यांना. एजन्सीला नकार कळवतोय. आता कामाचा भाग. हाताने करायचं तर दिवसाची आखणी कशी असावी? रिक्वेस्टसोबत नोट पाठवावी की नुसती रिक्वेस्ट? सेल्स नॅव्हिगेटर (लिंक्डइनची विक्रीसाठीची पैसे भरून मिळणारी सेवा) घेण्यात अर्थ आहे का? आणि मजकूर एआयकडून लिहून घेतला तर?

सत्तरीकर

एकेक घेतो, पण यादीचं आधी, कारण निम्मं काम तिथेच आहे.

एक साधी शीट करा. प्रत्येक प्लांटला एक ओळ, कंपनीला नव्हे. रकाने: वसाहत, काय बनतं (गोळ्या, इंजेक्टेबल, बल्क ड्रग म्हणजे औषधाचा मूळ घटक), कुठल्या बाजारासाठी, सध्याचा कॅलिब्रेशनवाला कोण असेल असा अंदाज, माणसांची नावं आणि हुद्दे, पुढच्या संपर्काची तारीख, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना 'आत्ता का'. हा शेवटचा रकाना रिकामा असेल तर त्या माणसाला मेसेज जाणार नाही, एवढा एक नियम पाळा. इंजेक्टेबल बनवणाऱ्याला हेपा आणि ऑटोक्लेव्हचं (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं) काम असतं. साध्या गोदामवाल्याला मॅपिंगचं. दोघांना एकच मजकूर गेला तर एकाला तरी तो परका वाटतोच.

'आत्ता का' कुठून भरायचं? प्लांटने व्हॅलिडेशन किंवा गोदामासाठी माणसं हवीत अशी जाहिरात टाकली की आत काहीतरी वाढतंय. बल्क ड्रग युनिटचा विस्तार असेल तर पर्यावरण मंजुरीचा अर्ज परिवेश पोर्टलवर दिसतो. इंजिनिअरिंग हेड नवीन आला असेल तर पहिल्या तीन महिन्यांत तो जुने व्हेंडर तपासतो. सेल्स नॅव्हिगेटरमध्ये 'गेल्या ९० दिवसांत नोकरी बदललेले' हा फिल्टर याचसाठी वापरायचा. 'गेल्या ३० दिवसांत पोस्ट केलेले' हाही उपयोगी, कारण जो लिंक्डइन उघडतच नाही त्याच्यासाठी नोट लिहिण्यात वेळ जातो. त्याला फोन किंवा भेट बरी.

ऋतू हे तर तुमचं हक्काचं कारण. गोदामाचं मॅपिंग वर्षातल्या सगळ्यात उष्ण काळात करावं लागतं, गोव्यात तो एप्रिल-मे. डब्ल्यूएचओच्या मार्गदर्शनाप्रमाणे गोदामात किमान सलग सात दिवस लॉगर ठेवायचे असतात, म्हणजे एक संच एका ठिकाणी आठवडाभर अडकतो. प्रोटोकॉलला (कामाच्या लेखी आराखड्याला) मंजुरी आणि पीओ (खरेदी आदेश) निघायला महिना सहज जातो. म्हणून उन्हाळी मॅपिंगचा विषय फेब्रुवारीत काढायचा. एप्रिलमध्ये मेसेज पाठवणाऱ्याला 'पुढच्या वर्षी बघू' हेच ऐकायला मिळतं. हे वेळापत्रक कुठल्याही टूलला ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक आहे, आणि समोरच्यालाही. त्यामुळे फेब्रुवारीत आलेला मेसेज वाचताना त्याला पटतं की लिहिणारा याच कामातला आहे.

नोटबद्दल. फुकट खात्यातून महिन्याला मोजक्याच नोटा जोडता येतात आणि प्रत्येकी २०० कॅरेक्टरची मर्यादा. पैसे भरलेल्या खात्यात ३००. देवनागरीत लिहिणार असाल तर काना-मात्रा-हलंत सगळे वेगळे मोजले जातात. 'कॅलिब्रेशन' दिसायला पाच अक्षरं, मोजणीत दहा. या मर्यादेत मराठी वाक्य अर्ध्यावर तुटतं, म्हणून नोट इंग्रजीत आणि पुढचं बोलणं मराठी-कोंकणीत, हाच इथला व्यवहार्य मार्ग. नोटेचा गाभा असा:

'नमस्कार. भरतीच्या जाहिरातीवरून वेर्ण्याला नवीन गोदाम होतंय असं दिसलं. उन्हाळी मॅपिंग यंदाच असेल तर एप्रिलचे लॉगर लवकर अडकतात. आम्ही कुंडईला आहोत, तापमान-आर्द्रता एनएबीएल स्कोपमध्ये आहे.'

आटोपशीर इंग्रजीत हे २०० मध्ये बसतं. यात कॉल मागितलेला नाही, लिंक नाही, पीडीएफ नाही. पहिल्याच मेसेजात कॅलेंडरची लिंक टाकून 'सोयीची वेळ निवडा' म्हणणं गोव्यात उद्धट वाटतं. वेळ आपण विचारायची असते. आणि नोटा मोजक्याच असल्याने त्या 'आत्ता का' सगळ्यात भक्कम असलेल्यांसाठी राखा. बाकीच्यांना नुसती रिक्वेस्ट, पण आधी तुमचं प्रोफाइल नीट करा. नुसत्या रिक्वेस्टमध्ये समोरचा तुमचं नाव, फोटो आणि नावाखालची ओळ एवढंच बघतो. तिथे 'बिझनेस डेव्हलपमेंट मॅनेजर' असेल तर विकायला आलाय हेच कळतं. 'फार्मा प्लांटसाठी कॅलिब्रेशन व मॅपिंग, कुंडई, गोवा' असं असेल तर काय काम आणि किती जवळ, हे दोन्ही कळतं.

वैयक्तिक वाक्य खरं आहे की वरून चिकटवलंय हे तपासायची रीत अशी: ते वाक्य काढून टाका आणि उरलेला मेसेज वाचा. उरलेल्यात काही अडखळलं नाही, सगळं तसंच लागू पडलं, तर ते वाक्य शोभेचं होतं. 'आपण गोवा विद्यापीठात शिकलात हे पाहून आनंद झाला' हे काढलं तरी पुढचं जसंच्या तसं राहतं. वरच्या नमुन्यातून गोदाम काढा, पुढच्या वाक्याला आधारच उरत नाही.

दिवसाची आखणी: रोज पाच माणसं, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे सव्वा तास. सकाळी साइटवर निघण्याआधी एकाने करावं. आठवड्याला २५, आठ आठवड्यांत तुमची २०० नावं पूर्ण. एका प्लांटमध्ये एका वेळी एकच माणूस, पहिल्याला १०-१२ दिवस देऊन मगच दुसरा. इंजिनिअरिंगपासून सुरू करा. काम अडतं ते त्याचं, व्हेंडर यादीत घ्यायची शिफारसही बहुधा त्याच्याकडून निघते, क्यूए मंजूर करतं. खरेदीवाल्याकडे आधी गेलात तर तो फक्त दर विचारतो.

स्वीकारल्यावर लगेच दुसऱ्या मिनिटाला लांबलचक मेसेज टाकू नका. टूल तेच करतं. दुसऱ्या दिवशी दोन ओळी, एक प्रश्न, तोही 'हो-नाही'त उत्तर देता येईल असा: 'मॅपिंग यंदा उन्हाळ्यात करायचंय का?' उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदा, पण नवीन काहीतरी घेऊन. उदाहरणार्थ मॅपिंग प्रोटोकॉलचा एक पानी नमुना, ज्यात लॉगर कुठे कुठे लावायचे आणि का ते दाखवलंय. 'माझा आधीचा मेसेज पाहिलात का' हा फॉलो-अप नाही, तगादा आहे. त्यानंतर थांबा आणि शीटमध्ये पुढच्या ऋतूची तारीख टाका. तीन-चार आठवडे न स्वीकारलेल्या रिक्वेस्ट मागे घ्या. मात्र मागे घेतल्यावर त्याच माणसाला साधारण तीन आठवडे नवीन पाठवता येत नाही, हे धरून चला.

सेल्स नॅव्हिगेटर: यादी बांधायला दोन-तीन महिने घ्या, नंतर बंद करा. वर्षभर लागत नाही. त्यात महिन्याला ५० इनमेल (कनेक्शन नसलेल्यालाही थेट पाठवता येणारे मेसेज) मिळतात आणि समोरच्याने ९० दिवसांत उत्तर दिलं तर ते क्रेडिट परत येतं, म्हणजे चांगलं लिहिणाऱ्याला ते स्वस्त पडतं. पण गोव्यात इनमेलची गरज कमी. बहुतेकांशी तुमची कोणी ना कोणी समान ओळख असते. ती विचारून फोन करणं इनमेलपेक्षा कधीही सरस.

यंत्रावर काय सोडायचं ते आता. भरतीच्या जाहिरातींचे अलर्ट, शीटमधल्या तारखांची आठवण, भेटीनंतरची टिपणं नीट लावणं, लांब कागदपत्रांचा सारांश, हे सगळं खुशाल यंत्राला द्या. एआयकडून मजकूर घ्यायचा तर कच्चा घ्या आणि तुमच्या नोंदींवरून घ्या. नुसतं प्रोफाइल देऊन 'छान मेसेज लिही' म्हटलं तर ते दोन गोष्टी करतं: स्तुती घालतं, आणि माहीत नसलेलं ठोकून देतं. 'तुमच्या नवीन स्टराइल ब्लॉकबद्दल वाचलं' असं बिनदिक्कत लिहील, आणि तो ब्लॉक अस्तित्वातच नसेल. क्यूएच्या माणसासमोर एक चुकीचं विधान म्हणजे विषय संपला, कारण त्याचं सगळं काम कागदावरचं विधान तपासण्याचं आहे. पाठवायचं बटण मात्र कायम माणसाच्या हातात ठेवा.

वेर्णा_क्यूए

नमुना चांगला आहे, एक दुरुस्ती. 'एनएबीएल स्कोपमध्ये आहे' एवढ्यावर थांबू नका, रेंज लिहा. 'उणे ३० ते ६० अंश, साइटवर' असं काहीतरी, तुमच्या स्कोपमध्ये खरोखर असेल तेवढंच. कोल्ड रूमवाल्याला उणे तापमान बघून लगेच कळतं की हे माझ्या कामाचं आहे. जागा कमी पडली तर 'नमस्कार' नंतरचं भरतीच्या जाहिरातीचं वाक्य आखडतं घ्या, रेंज कापू नका.

डिचोली_पॅकेजिंग

वाचतोय. आमच्यासारख्या काहींनी असं टूल आधीच लावलेलं असतं, त्यांनी काय करावं? आणि हॉटेलांना हेच लागू होतं का? व्हॉट्सॲपवर एकदम सगळ्यांना पाठवलं तर?

सत्तरीकर

हॉटेलांचं लिंक्डइनवर कमीच चालतं. इंजिनिअरिंगचा चीफ आणि एक्झिक्युटिव्ह शेफ ही तुमची माणसं, आणि दोघंही दिवसभर पायावर. ऑक्टोबर ते मार्च त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तर संपर्कच करू नका. दुरुस्ती-देखभालीचे निर्णय पावसाळ्यात होतात. जून-जुलैत दुपारी ३ ते ५ च्या दरम्यान प्रत्यक्ष जा.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही. व्यवसायासाठीच्या प्लॅटफॉर्मवरून पाठवायचं तर समोरच्याची आधी संमती लागते. भेट झाल्यावर, त्याने नंबर दिल्यावर, एकेकाला पाठवा. तिथे मराठी-कोंकणीही चालते आणि उत्तरही लवकर येतं.

मांडवीकाठ

टूल आधीच लावलेलं असेल तर क्रम असा ठेवा. आधी टूलमधली मोहीम थांबवा, नाहीतर अर्ध्या फॉलो-अपच्या रांगा चालूच राहतात. मग लिंक्डइनच्या सेटिंगमध्ये साइन-इन आणि सुरक्षा या भागात जा, 'कुठे कुठे साइन-इन आहात' ही यादी उघडा आणि आपली नसलेली सगळी सेशन बंद करा. नुसता पासवर्ड बदलून भागेल असं धरू नका. कुकी घेऊन बसलेलं सेशन त्या यादीतून गेलं का ते डोळ्यांनी बघा. त्यानंतर पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, क्रोममधून एक्स्टेन्शन काढा. परवानगी दिलेल्या बाहेरच्या सेवांची यादीही सेटिंगमध्येच असते, तीही तपासा.

मग पाठवलेल्या रिक्वेस्टच्या पानावर जाऊन टूलने पाठवलेल्या आणि अजून पडून असलेल्या मागे घ्या, पण एका बैठकीत शंभर नको, रोज दहा-पंधरा. दोन-तीन आठवडे नवीन रिक्वेस्ट पाठवू नका. या काळात फक्त आलेल्या मेसेजना उत्तरं द्या. ज्यांनी टूलच्या मेसेजला उत्तर दिलं होतं आणि पुढे कोणी बोललंच नाही, असे लोक इनबॉक्समध्ये खाली गाडलेले सापडतील. त्यांना आधी फोन करा.